दुसऱ्या भेटीचा हिशेब

शेवटचे दोन प्रश्न

आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्याचे चार भाग आहेत. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, हे पहिल्या भागात येतं. खोकला, घटलेलं वजन, तोंडातली बरी न होणारी जखम, स्तनातली गाठ यांची विचारपूस दुसऱ्यात. चूल लाकडाची की गॅसची आणि कामाच्या जागी धूर-धूळ किती, हे तिसऱ्यात. मग पान संपता संपता दोन प्रश्न उरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासं झालं का? उदास, निराश वाटलं का? ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘काही दिवस’ला एक, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला दोन आणि ‘जवळजवळ रोज’ला तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं. फॉर्मवरची माहिती पुढे फोनमधल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) ॲपमध्ये चढवायची.

नैराश्याची तपासणी खेड्यापाड्यात पोहोचली ती अशी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या पाठीला पाठ लावून. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. हे दोन प्रश्न ज्या नऊ प्रश्नांच्या संचातले पहिले दोन आहेत, तो ‘पीएचक्यू-९’ रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी अमेरिकेत तयार केला आणि २००१ साली त्याची पडताळणी प्रसिद्ध झाली. उरलेले सात प्रश्न झोप, थकवा, भूक, स्वतःला लावलेला बोल, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थपणा आणि शेवटी मरणाचे विचार यांबद्दलचे. एकूण गुण २७; दहा किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. वापरायला पैसे पडत नाहीत, पाच मिनिटांत भरून होतो, बेरीज फोन करतो. जगभरच्या बहुतेक ॲपच्या पोटात हाच संच बसलेला आहे.

तंत्रज्ञान आणि आरोग्य असा विषय संपादकांनी या अंकासाठी दिला, तेव्हा रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून या ॲपचा विचार करावासा वाटला. मुंबईपासून दोन-तीन तासांवर असूनही जिथे मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टर गाठायचा तर बहुतेकांना दिवस मोडावा लागतो, असे हे तालुके. आणि विचाराअंती जे म्हणावंसं वाटतं ते असं: नैराश्य ओळखण्याचं काम ॲपने पुष्कळ सोपं केलं आहे, परंतु ओळखलेला माणूस दुसऱ्यांदा आला का, तिसऱ्यांदा आला का, यावरच त्या ओळखण्याची किंमत ठरते. आज मोजणी होते ती पहिल्या भेटीची. मोजायला हवी ती दुसरी.

दवाखान्यात येणारं दुखणं

पेण तालुक्याच्या पश्चिमेला खारेपाट आहे. खाडीलगतची सखल जमीन, खारबंदिस्तीच्या आधारावर टिकलेली भातशेती, मिठागरं, आणि बांध फुटला की शेतात शिरणारं खारं पाणी. एकदा शिरलं की पुढची काही वर्षं त्या शेतात धड पीक नाही. पूर्वेला डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी वाड्या. मधोमध शहर आणि त्याच्या अवतीभवती हमरापूर, जोहे अशी गणपतीच्या मूर्तींवर जगणारी गावं, जिथे पावसाळ्याआधीच्या महिन्यांत रात्रंदिवस रंगकाम चालतं. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. वर्षाचा पैसा त्या एका हंगामावर, भांडवल कर्जाऊ, आणि डोक्यावर पीओपीच्या निर्बंधांची टांगती तलवार. दक्षिणेला रोह्यात कुंडलिकेच्या काठी धाटावची रासायनिक वसाहत, पाळ्यांमध्ये राबणारे कामगार, नागोठणे-कोलाडच्या पट्ट्यात शेती आणि कंपनी अशा दोन दगडांवर पाय ठेवलेली कुटुंबं.

या माणसांपैकी कुणीही ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत दवाखान्यात येत नाही. येतात त्या तक्रारी अशा: डोकं जड झालंय, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, हातापायांत त्राणच नाही. बायकांच्या बाबतीत अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार फार मोठी. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारीचा अभ्यास केला, तेव्हा जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी तिचा संबंध अधिक घट्ट दिसला. पेणच्या बाजारपेठेतल्या खासगी दवाखान्यात काय, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत काय, अशा पेशंटला बी-कॉम्प्लेक्सची पट्टी, वेदनाशामक गोळी, फार झालं तर सलाईन मिळतं. चार दिवस बरं वाटतं. पुन्हा फेरी होते. डॉक्टर निष्काळजी असतात म्हणून हे घडतं असं नाही. शंभर पेशंट बाहेर ताटकळत असताना एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात आणि तेवढ्यात माणूस सांगेल तेच दुखणं हाताळता येतं.

म्हणून ॲपची बाजू आधी नीट मांडायला हवी. नऊ ठरावीक प्रश्न हाताशी असले की नर्स किंवा समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांच्या आधी ते विचारू शकते. प्रश्न विचारायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज चुकत नाही. मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या शेजारी दिसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला काही आधार नाही. दर लाख लोकांमागे देशात एकही पुरा मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते शहरांत. रायगडच्या लोकांच्या माहितीतलं सर्वांत मोठं सरकारी ठिकाण म्हणजे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ सालचं. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था आहे, रस्त्यावर आलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवणारी. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही दोन्ही ठिकाणं गंभीर आजारांची. चार महिने झोप नसलेली, भाकरी थापता थापता रडू येणारी खारेपाटातली बाई तिकडे कशाला जाईल? तिच्यासाठी जे काही व्हायचं ते गावच्या उपकेंद्रात किंवा तालुक्याच्या दवाखान्यातच व्हायला हवं. इथवर ॲपवाल्यांशी माझं पूर्ण एकमत आहे.

ओट्यावरची मुलाखत

आता प्रत्यक्ष प्रश्न विचारला जातो तो क्षण जवळून पाहू. जागा बहुधा घराचा ओटा. आशाताई त्याच गावची, म्हणजे कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी. समोर बसलेल्या बाईच्या शेजारी सासू, दारात दीर, अंगणात पोरं. कमरेला टेप लावून झाली, तंबाखूचं विचारून झालं, आता तिने विचारायचं, की गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का. बाई सासूकडे बघते. सासूच उत्तर देते, ‘तिला काय झालंय? दोन वेळ जेवते, काम करते.’ फोनवर शून्य पडतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी ती नोंद खोटीच राहते. धाटावला पाळीवर गेलेला नवरा तर या यादीत सापडतच नाही. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो.

उत्तरांच्या पर्यायांचीही एक अडचण आहे. ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा फरक कॅलेंडरकडे बघून जगणाऱ्यांना सोपा जातो. ज्यांचे दिवस भरती-ओहोटीवर, पाळीवर किंवा मुकादमाच्या बोलावण्यावर चालतात, त्यांना दोन आठवड्यांतले किती दिवस कसे गेले हे विचारलं तर ते गोंधळतात आणि समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. आशाताई मग आपल्या अंदाजाने खूण करते. तिला एका घरात बसायला किती वेळ आहे हेही विसरता येत नाही. केंद्राच्या ठरलेल्या दरांप्रमाणे सीबॅकच्या एका फॉर्ममागे दहा रुपये मिळतात. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, त्याआधीच त्यांनी ऑनलाइन कामांवर बहिष्कार टाकला होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, आयुष्मान कार्ड यांच्या नोंदी करता करता त्यांच्या फोनमध्ये ॲपची गर्दी झाली आहे. त्या गर्दीत उदासपणाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात भरभर उरकला जातो.

हजारातले किती

समजा, हे सगळं सुधारलं. प्रश्न एकांतात विचारले, नीट समजावून विचारले. तरी आकड्यांचा एक पेच उरतोच, आणि तो समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. पीएचक्यू-९ वर दहा ही रेषा धरली, तर नैराश्य खरोखर असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८८ जण तो पकडतो आणि नसलेल्या शंभरांपैकी ८५ जणांना बरोबर वगळतो. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब करून २०१९ साली आलेले हे आकडे आहेत. ऐकायला उत्तम. आता ते घरोघरच्या तपासणीला लावून बघा. राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे एखाद्या वेळी २.७ टक्के प्रौढांना नैराश्य असतं, म्हणजे हजारात २७. त्यांतले २४ पकडले जातील. उरलेल्या ९७३ निरोगी माणसांतल्या १५ टक्क्यांवर, म्हणजे १४६ जणांवरही तोच शिक्का बसेल. उपकेंद्रात पाठवलेल्या १७० माणसांपैकी खरे रुग्ण २४. सातात एक.

हाच संच दवाखान्याच्या दारात वापरा. वर सांगितलेल्या तक्रारी घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या लोकांमध्ये, समजा, पाचात एकाला नैराश्य आहे. हजारांत २०० रुग्ण, त्यांतले १७६ सापडतील. ८०० निरोगींपैकी १२० उगाच अडकतील. म्हणजे पाठवलेल्या दहांतले सहा खरे. प्रश्न तेच, ॲप तेच, फक्त विचारण्याची जागा बदलली आणि सातात एकचं दहात सहा झालं. माझ्या मते या एका हिशेबातून धोरण ठरायला हवं. घरोघर जाळं टाकण्याऐवजी झोपेची, थकव्याची, धडधडीची तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांना दर महिन्याला येणाऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला हे प्रश्न विचारा. ते आपण होऊन आलेले असतात, दार लावून घेता येतं आणि सासू बाहेर बसवता येते.

आणि त्या सहांचं पुढे काय? अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २००९ साली नैराश्याच्या तपासणीची शिफारस करताना अट घातली होती, की उपचारांची आणि पाठपुराव्याची माणसं हाताशी असतील तिथेच ती सरसकट करावी. कॅनडाच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सरसकट तपासणी नकोच असा सल्ला दिला. ज्या देशांत तज्ज्ञ आपल्यापेक्षा कितीतरी पट आहेत, तिथे ही काळजी. आपण मात्र फॉर्म आधी छापले.

गोवा, विदर्भ आणि सिहोर

पाठपुरावा म्हणजे नेमकं काय, याची उत्तरं शोधायला परदेशी जायची गरज नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत ‘मानस’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी पेशंटशी बोलायचं, त्यांच्या मागे लागून त्यांना परत आणायचं, गरज पडली तर डॉक्टरांनी औषध द्यायचं, अशी रचना. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, जिथे नुसता तपासणीचा निकाल डॉक्टरांना कळवला होता, तिथे ४२.५ टक्के. म्हणजे नुसतं ओळखणं आणि ओळखून पाठीशी राहणं यांतला फरक इथे आकड्यांत दिसतो. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. मला वाटतं, वर्षानुवर्षांचा ओळखीचा डॉक्टर जे बोलतो आणि पुन्हा बोलावतो, त्यातच समुपदेशकाचं निम्मं काम होऊन जातं. पेण आणि रोह्यात लोक आधी खासगी बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरांकडेच जातात, हे ध्यानात घेतलं तर ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. सरकारी ॲपला हे दवाखाने ठाऊकच नाहीत.

पुढे २०१७ मध्ये त्याच गटाने तीव्र नैराश्यासाठी सहा-आठ बैठकांच्या बोलण्याच्या उपचाराचे निष्कर्ष मांडले. गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांतले ४९५ पेशंट. बैठका मिळालेल्यांतले ६४ टक्के लक्षणांतून बाहेर आले, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. बैठकांत काय करायचं? सुटून गेलेली कामं थोडीथोडी पुन्हा धरायची, दिवसाचा आराखडा करायचा, समोरची व्यवहारातली अडचण सोडवायला लागायचं. हे सगळं उपकेंद्रातल्या खुर्चीवर बसून करता येण्यासारखं आहे.

विदर्भात ‘विश्राम’ या प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत आणखी एक पायरी दाखवली. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या आकड्यांप्रमाणे, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे गावातल्या कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघर बोलणं केलं, समुपदेशक गावात बसवले आणि तज्ज्ञांना गावाजवळ आणलं. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात नैराश्याची सेवा आरोग्य केंद्रांमध्ये उभी केली गेली, पण पंचक्रोशीतल्या एकूण रुग्णांपैकी किती जण उपचारांपर्यंत पोहोचतात यात फारसा बदल दिसला नाही. केंद्रात सोय करून ठेवली म्हणून माणूस येत नाही. त्याला आणणारा आणि परत आणणारा हात लागतो.

फोन या साखळीत कुठे बसतो हे आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या ‘स्मार्ट मेंटल हेल्थ’ प्रयोगाने दाखवलं. आशांनी टॅबवर प्रश्न विचारले, डॉक्टरांच्या टॅबवर उपचारांचा सल्ला आला. पण मला त्यातला सर्वांत कामाचा भाग वाटतो तो नंतरचा. कुणाकडे आधी जायचं याची रंगांनी मांडलेली यादी आशाताईला मिळत होती आणि पेशंटच्या फोनवर आठवणीचे बोलके संदेश जात होते. पहिल्या टप्प्यात सेवा घेणाऱ्यांचं प्रमाण ०.८ टक्क्यांवरून १२.६ वर गेलं. उरलेले ८७ टक्के तरीही आले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे.

भट्टीवर गेलेला पेशंट

पेण-रोह्यात या साखळीला आणखी एक गाठ मारावी लागेल, ती स्थलांतराची. दिवाळी उरकली की कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, कधी याच जिल्ह्यात, कधी ठाण्याकडे, कधी घाटावर. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. आता औषधाचा हिशेब लावा. फ्लुऑक्सेटीन किंवा एस्सिटालोप्राम या राष्ट्रीय अत्यावश्यक यादीतल्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत; पण त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. नवरात्रात वाडीवर तपासणी झाली, बाईच्या नावापुढे लाल खूण पडली, तिने पंधरा दिवसांच्या गोळ्या नेल्या, आणि दुसऱ्या भेटीच्या दिवशी ती दोनशे किलोमीटरवर विटा थापत असते. ॲपमध्ये तिच्या नावापुढे ‘आली नाही’ एवढंच येतं. गावाच्या हिशेबाने चालणाऱ्या ॲपला गाव सोडून गेलेलं माणूस म्हणजे हरवलेलं माणूस.

खरं तर इथेच फोनला करण्यासारखं काम आहे, आणि ते प्रश्न विचारण्यापेक्षा मोठं आहे. भट्टी कोणत्या तालुक्यात आहे हे निघण्याआधी नोंदवून तिथल्या केंद्राला नाव कळवणं, गोळ्या तीन महिन्यांच्या देण्याची मुभा डॉक्टरला देणं, समुपदेशकाने ठरल्या वारी फोन करणं, हे सगळं आजच्या फोनवर होऊ शकतं. क्षयरोगाच्या पेशंटची नोंद ‘निक्षय’ या सरकारी नोंदप्रणालीवर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येते. तीच सोय मनाच्या दुखण्याला देण्यात तांत्रिक अडचण कुठलीच नाही.

घेतले जाणारे आक्षेप

यावर कुणी म्हणेल, की समुपदेशक नेमले जाईपर्यंत तपासणी बंद ठेवायची का? गावात कुणी जीव देण्याच्या टोकावर असेल तर? हा आक्षेप मनाला लागणारा आहे आणि त्याचं उत्तर नववा प्रश्न नीट हाताळण्यात आहे. मरणाचे विचार येतात का असं विचारल्याने ते विचार डोक्यात भरतात ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं. पण विचारणाऱ्याकडे त्याच दिवशी करण्यासारखं काही असलंच पाहिजे: माणसाला एकटं न सोडणं, घरातलं कीटकनाशक हलवणं, डॉक्टरांशी लगेच बोलणं, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लावून देणं. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलते. तेवढी तयारी असेल तर उद्यापासून विचारा. ती नसताना लाल खूण सर्व्हरवर पडून राहत असेल, तर ज्याने धीर करून ‘हो’ म्हटलं त्याचा आपण विश्वासघात केला.

दुसरा आक्षेप अधिक मुळातला आहे. खारं पाणी शेतात शिरलं, भट्टीची उचल फिटत नाही. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो घरांचा आयुष्यभराचा पैसा अडकला. अशा माणसाला नऊ प्रश्न विचारून गोळी देणं म्हणजे अन्यायाला आजाराचं नाव देणं नव्हे का? यातला राग खरा आहे. पण पैसा बुडाल्यावर ज्याची झोप उडाली, भूक गेली, ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तो माणूस मोर्चालाही जाऊ शकत नाही. त्याला उठवणं हे त्याच्या हक्काच्या लढाईचाच भाग आहे. आणि सौम्य उदासीला गोळी देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शनही सांगतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ नंतर ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातली माणसंच तयार केली. त्यांच्या फोनमध्ये लोकांना दाखवायच्या छोट्या फिल्म होत्या. ती माणसं ऐकून घ्यायची, सोबत करायची आणि पेन्शन, रेशन, दाखले मिळवून द्यायलाही मदत करायची. पेणच्या समुपदेशकाला जातीचा दाखला कुठे मिळतो आणि रोजगार हमीचं काम कसं मागायचं हे ठाऊक नसेल, तर त्याच्या सहा बैठका अपुऱ्याच पडतील.

मग मधल्या माणसांना वगळून लोकांनाच आपापल्या फोनवर उत्तरं भरू द्यावीत, बोलणारं यंत्र त्यांना सल्ला देईल, असंही आता जोरात सांगितलं जातं. शहरातल्या तरुणाला त्याचा उपयोग होत असेल. वाडीवर घरात एकच स्मार्टफोन असतो, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात, आणि रेंज टेकडीवर चढल्यावर येते. ज्या बाईला ओट्यावर सासूसमोर बोलता येत नाही, तिने नवऱ्याच्या फोनवर मनातलं लिहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. गुप्ततेचं तर आशाताईच्या फोनबाबतही भान हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. म्हणून पहिले दोन प्रश्न सोडले तर पुढची उत्तरं गावातल्या फोनमध्ये राहूच नयेत. आशाताईच्या यादीत फक्त ‘अमक्या तारखेला केंद्रात न्यायचं’ एवढंच दिसावं, कशासाठी ते दिसू नये. मुलीचं लग्न ठरायचं असलेल्या घरात ही काळजी किती महत्त्वाची असते हे गावातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

कोणता रकाना

आशांच्या मोबदल्याच्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाच्या पेशंटचा पाठपुरावा करून उपचार चालू ठेवण्याबद्दल सहा महिन्यांमागे ५० रुपये आहेत. तिथे नैराश्य लिहायला एका ओळीचा शासन निर्णय पुरेल. खर्च किती येईल? घरोघरच्या फॉर्मांवर होणाऱ्या खर्चापेक्षा खासच कमी, कारण खरे रुग्ण मोजके आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मासिक बैठकीत ‘किती जणांची तपासणी झाली’ हा रकाना वाचला जातो. त्याच्या शेजारी तीन रकाने हवेत: महिन्याभरात दुसऱ्यांदा आलेले किती, तीन महिन्यांनी गुण निम्म्यावर आलेले किती, बाहेरगावी गेलेल्यांपैकी फोनवर सापडलेले किती. हे तीन आकडे ॲप आपोआप काढू शकतं. पहिल्या रकान्यातला आकडा त्यामुळे घटेल, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याने तो घटू द्यायला हवा.

खासगी डॉक्टरांना या साखळीत घ्यायचं तर त्यांच्यावर ॲप लादून चालणार नाही. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातल्या ठरल्या वारी समुपदेशक बसतो, एवढी खात्री आणि त्याचा फोन नंबर डॉक्टरांच्या टेबलावर असला तरी ते पेशंट पाठवतील. मात्र तो वार चुकता कामा नये. एकदा पेशंट दिवस मोडून गेला आणि खुर्ची रिकामी दिसली, तर तो पुन्हा जाणार नाही, आणि डॉक्टरही दुसऱ्याला पाठवणार नाहीत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाचं काम मग उरतं ते अवघड पेशंटचं आणि या समुपदेशकांच्या पाठीशी राहण्याचं.

वाड्यांसाठी वेळापत्रकही उलटं लावावं लागेल. अक्षय्य तृतीयेनंतर भट्ट्या थंडावू लागतात, कुटुंबं परततात, आणि पेरणीआधीचे दोन-तीन आठवडे माणसं घरी सापडतात. जुनी यादी हातात घेऊन पहिली फेरी तेव्हा करायची. त्या फेरीत नैराश्य सापडलं तर दिवाळीपर्यंत पाचेक महिने मिळतात, म्हणजे औषधाचा आणि बैठकांचा बराचसा टप्पा गावात पुरा होतो. नवरात्रातली फेरी पाठपुराव्याची: कोण कुठल्या भट्टीवर निघालं, कुणाच्या गोळ्या अजून चालू आहेत, कुणाला कुठल्या वारी फोन करायचा. मार्चअखेरच्या उद्दिष्टात ही वेळापत्रकं बसत नाहीत, म्हणून या वाड्यांपुरतं तरी उद्दिष्टाचं वर्ष जूनपासून धरावं.